कास्टवर कास्ट ठोकणाऱ्यांनो

सी भाषेत कास्ट ठोकून, म्हणजे 'हा प्रकार तो समज' असं कंपायलरला दटावून, इंटमध्ये (साध्या पूर्णांकात) पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कोंबणाऱ्याला एकदा समोर बसवून विचारायचंय, बाबा रे, दोन्ही एकाच मापाचे असतात हे तुला सांगितलं कुणी? ३२ बिटच्या जमान्यात खपून गेलं. आता ६४ बिट लिनक्सवर इंट ३२ चा आणि पॉइंटर ६४ चा. काही शहाणे म्हणतात, मग लाँग हा दुसरा पूर्णांक वापरा. विंडोजवर ६४ बिटमध्येही लाँग ३२ चाच असतो, महाराज! पॉइंटर मावेल असा खास पूर्णांक, इंटपीटीआर_टी, सी९९ पासून (सीच्या १९९९ च्या मानकापासून) आहे. तो लिहायला काय पैसे पडतात का?

आत्ता माझ्या डोक्याला ताप झालेला कोड घ्या. स्ट्रडप (स्ट्रिंगची प्रत काढून तिचा पत्ता देणारं फंक्शन) वापरलंय, त्याची ओळख देणारं हेडर लावलंय, सगळं सोज्वळ दिसतं. पण मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कडक सी९९ मोड. स्ट्रडप सी९९ चं नाही, पॉझिक्स या युनिक्सवाल्यांच्या मानकाचं, त्यामुळे या मोडमध्ये हेडर त्याची ओळखच देत नाही. मग कंपायलर धरून चालतो की हे इंट परत देतं, आणि तसं ओरडून सांगतोही. यावर आमच्या पूर्वजांनी काय केलं? पुढे कॅरेक्टर-पॉइंटरचा (char *) कास्ट ठोकला. ६४ बिटवर साइझ जुळत नाही म्हणून दुसरी वॉर्निंग आली, तर मध्ये लाँगचा कास्ट. फंक्शन डिक्लेअर नाही म्हणणारी वॉर्निंग उरली, ती मेकफाइलमधून बंद. रडणाऱ्या पोराच्या तोंडात बोळा कोंबावा तसं! 'पॉझिक्सचंही दाखव' असं हेडरला सांगणारा एक फीचर मॅक्रो डिफाइन केला असता तर सगळं मिटलं असतं.

आणि हे वर्षानुवर्षं चाललं, हाच तर वैताग. बिल्ड पीआयई (मेमरीत कुठेही बसवता येणारा प्रोग्राम) नव्हता, हीप (स्ट्रडपला मेमरी मिळते तो भाग) खालच्या पत्त्यांवर बसायचा, वरचे ३२ बिट शून्यच, कापले गेले तरी कुणाला पत्ता नाही. नव्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या संचावर) पीआयई डिफॉल्ट झालं, हीप वरच्या पत्त्यांवर गेला आणि धडाधड सेगफॉल्ट, म्हणजे भलत्या पत्त्यावर हात घालून क्रॅश. जीडीबीत (डीबगरमध्ये) बघतो तर पत्त्याच्या सुरुवातीला आठ एफ ओळीने उभे, कापलेला इंट परत ६४ बिटचा करताना चिन्हाचा बिट वर पसरलेला. लगेच सगळे म्हणायला मोकळे, 'नवीन डिस्ट्रोच भिकार आहे.'

२०२४ च्या जीसीसी १४ या कंपायलरने असले प्रकार सरळ एरर करून टाकले. मी मनात पेढे वाटले. पण आमच्या दुसऱ्या मॉड्यूलचं बिल्ड पडल्याबरोबर एका हुशाराने फ्लॅग शोधून आणला, एफ-परमिसिव्ह, एरर परत वॉर्निंग होतात म्हणे. रिव्ह्यूला कुणी हूं की चूं केलं नाही. मर्जसुद्धा झालाय.