काय घालू?

स्वयंसेवक माळी म्हणजे हौसेने चार रोपांना पाणी घालणारा, असं वाटत असेल तर बागकाम मंडळाचा अर्ज शेवटपर्यंत वाचावा. आधी वर्ग, मग परीक्षा, मग ठरावीक तासांची सेवा, तिची वहीत नोंद, आणि तेव्हा कुठे प्रमाणपत्र. ते टिकवायला पुन्हा दर वर्षी तास भरायचे. १९७३च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात विद्यापीठाचे सल्लागार लोकांच्या प्रश्नांनी मेटाकुटीला आले आणि त्यांनी हौशी बागवाल्यांनाच शिकवून उत्तरं द्यायला बसवलं. तिथून ही पद्धत पसरली. म्हणजे मुळात ही दुसऱ्याची डोकेदुखी, आणि ती आपण अर्ज करून मागून घेतो.

वर्गात मातीचा नमुना शिकवतात. पालापाचोळा सारून १५-२० सेंटीमीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याची एक कड वरपासून खालपर्यंत तासायची. अशी आठ-दहा जागांची माती मिसळून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. खत टाकल्या टाकल्या नमुना घेतला तर अहवाल मातीचा येत नाही, खताचा येतो.

छाटणीत जाड फांदीला आधी खालून काप. तो गाळला की पडणारी फांदी खोडाची साल सोलत नेते. कापल्या जागी रंग फासू नये, हे मात्र कुणालाच पटत नाही.

खरी परीक्षा सल्ल्याच्या टेबलावर. समोर एक पिवळं पान येतं आणि ठरलेला प्रश्न, "काय घालू?" खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी पडल्याचा संशय, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाचा. पण माझ्या मते आधी कुंडीत दोन पेरं बोट खुपसावं. माती ओलीचिंब आणि झाड तरी मलूल, म्हणजे मुळांना हवा नाही. रोप उपसून बघा: निरोगी मूळ पांढरं, कडक; कुजलेलं तपकिरी, बोटाने साल ओढली की निसटते, वर वास. अशा वेळी पाणी थांबवायचं, कुंडीचं भोक मोकळं करायचं आणि खत अजिबात द्यायचं नाही.

हे सगळं मान हलवत ऐकून झाल्यावर समोरचा म्हणतो, "ते कळलं हो, पण घालू काय?"

टेबलावरचा हा अर्धा तास वहीत लिहिता येतो. हाच संवाद जिन्यात, हातात भाजीची पिशवी घेऊन झाला, तर बहुतेक मंडळं तो धरत नाहीत.