ॲलर्जीची गोळी म्हणजे झोपेचीच गोळी? त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याबद्दल

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ॲलर्जीची गोळी म्हणजे खरं तर झोपेचीच गोळी, गुंगी येते म्हणून शिंका आणि खाज कळत नाही, बाकी काही नाही. हिस्टामाइन (ॲलर्जीत शरीरात सुटणारं रसायन) हे शरीराचं संरक्षण आहे आणि या गोळ्या ते संपवतात म्हणजे इम्युनिटीच मारतात. "नवीन" गोळ्या म्हणजे जुन्याच, कंपन्यांनी नाव बदलून विकलेल्या. गोळीची सवय लागते आणि डोस वाढवत न्यावा लागतो. पुढे डिमेन्शिया होतो. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटी सल्ला काय, तर फारच जोरात ॲलर्जी आली तर दोन गोळ्या एकदम घ्या आणि पडून राहा, दवाखान्याची गरज नाही.

मी शेवटापासूनच सुरू करते, कारण बाकीचे दावे चुकीचे असले तरी त्यांनी फार तर गैरसमज होईल, या सल्ल्याने माणूस जाऊ शकतो.

जोरात ॲलर्जी म्हणजे ज्याला ॲनाफायलॅक्सिस म्हणतात ते, त्यात घसा सुजतो, श्वासनळ्या आवळतात, बीपी धाडकन खाली येतं, आणि हे सगळं कधीकधी काही मिनिटांत होतं. पोटात घेतलेल्या गोळीचा नीट परिणाम दिसायला साधारण तासभर जातो. वेळेचं सोडा, गोळी अगदी तत्काळ लागू पडली असती तरी पुरली नसती, कारण त्या वेळी शरीरात एकटं हिस्टामाइन सुटलेलं नसतं, ल्युकोट्राइन्स, प्रोस्टाग्लँडिन्स अशी दुसरी रसायनं आणि बाकी बरंच काही सुटलेलं असतं आणि गोळी अडवते फक्त हिस्टामाइनला, तेही एकाच प्रकारच्या रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची, हिस्टामाइन येऊन लागायची जागा). बीपी वर आणणं, श्वासनळ्या मोकळ्या करणं हे तिचं कामच नाही. ते काम ॲड्रेनालाइनचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं इंजेक्शन, आणि तेही उशीर न करता. गोळीने खाज आणि अंगावरच्या गांधी कमी होतात, त्यामुळे "आता बरं वाटतंय" असं होतं आणि तेवढ्यात मौल्यवान वेळ निघून जातो. त्यात गोळी जुन्या प्रकारची असेल तर माणूस झोपेने मलूल झालाय की बीपी पडल्यामुळे, हेही बघणाऱ्याला कळत नाही. पडून राहा म्हणे.

आता मुख्य दावा, झोपेचा. "गुंगीमुळे त्रास कळत नाही."

ही औषधं सापडली कशी ते बघितलं की हा दावा तिथेच संपतो. १९१० च्या आसपास हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टामाइनचा अभ्यास केला, आणि प्राण्यांना हिस्टामाइन टोचलं की जे होतं ते तीव्र ॲलर्जीच्या झटक्यासारखंच दिसतं हे त्यांच्या लक्षात आलं. मग साहजिकच प्रश्न, की हिस्टामाइनला अडवणारं काही मिळेल का. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोवे आणि ॲन-मारी स्टॉब यांना असं रसायन मिळालं. ज्या डोसच्या हिस्टामाइनने गिनी पिग श्वास कोंडून मरायला हवे होते, ते त्या रसायनामुळे वाचले. झोप लागल्यामुळे कोणी गुदमरण्यातून वाचत नसतं. बरं, गिनी पिगही बाजूला ठेवा. या औषधांची तपासणी करायची जुनी पद्धत अशी, की गिनी पिगच्या लहान आतड्याचा तुकडा मिठाच्या द्रावणात टांगायचा, त्यात हिस्टामाइन टाकायचं, तुकडा आकसतो. आधी अँटीहिस्टामाइन, म्हणजे हिस्टामाइनला अडवणारं औषध, टाकलं असेल तर आकसत नाही किंवा कमी आकसतो. आता त्या तुकड्याला ना मेंदू ना डोळे, त्याला गुंगी कुठून येणार?

माणसांवरही हे दिसतं. हाताच्या कातडीवर हिस्टामाइनचा थेंब ठेवून हलकं टोचलं की गांधी उठते, गोळी घेतलेली असेल तर तीच गांधी छोटी उठते, पट्टीने मोजता येते. ॲलर्जीची स्किन टेस्ट करायच्या आधी काही दिवस या गोळ्या बंद करायला सांगतात ते यामुळेच, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. तुम्ही टक्क जागे असलात तरी.

मग होतं काय नक्की? ॲलर्जी असलेल्या माणसात आयजीई नावाची अँटिबॉडी मास्ट सेल्सवर (कातडी, नाक वगैरे ठिकाणच्या, हिस्टामाइन साठवणाऱ्या पेशींवर) आधीपासून बसलेली असते. परागकण, धूळ, जे काय असेल ते येऊन तिला चिकटलं की मास्ट सेल आतला साठा बाहेर ओतते, त्यात हिस्टामाइन असतं, ते एच-१ रिसेप्टरला जाऊन लागतं आणि मग बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात म्हणून सूज, मज्जातंतूंची टोकं चाळवतात म्हणून खाज आणि शिंका. गोळी याच रिसेप्टरवर बसते. पूर्वी असं समजायचे की ती फक्त जागा अडवून बसते, हिस्टामाइन आलं की त्याला उभं राहावं लागतं. आता कळलंय की एच-१ रिसेप्टर हिस्टामाइन नसतानाही थोडाफार चालू असतो आणि ही औषधं त्याला बंद अवस्थेत धरून ठेवतात, म्हणजे नुसती अडवणूक नाही, उलट दिशेला काम. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते: पाझरून झालेली सूज गोळी मागे ओढून घेत नाही, त्यामुळे ठराविक सीझनला त्रास होणाऱ्यांनी शिंकांचा पूर सुरू व्हायच्या आधी घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. आणि नाक चोंदलेलं असेल तर गोळीपेक्षा नाकातला स्टेरॉइड स्प्रे बरा, तिथे गोळी थोडी कमीच पडते.

पण झोप येते हे तर खरं ना? येते, जुन्या गोळ्यांनी येते. मेंदूत हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात काही पेशी हिस्टामाइन बनवतात आणि ते आपल्याला जागं ठेवायच्या कामात असतं. डायफेनहायड्रामाइन, क्लोरफेनिरामाइन, प्रोमेथाझिन ही १९४० च्या दशकातली औषधं चरबीत सहज विरघळतात, मेंदूत शिरतात आणि तिथलेही एच-१ रिसेप्टर बंद करतात. म्हणजे झोप हा साइड इफेक्ट आहे, इलाज नाही. (प्रोमेथाझिनने पेशंट शांत होतात हे एका फ्रेंच सर्जनला ऑपरेशनच्या पेशंटमध्ये दिसलं आणि त्याच दिशेने शोधताना १९५० च्या सुमारास क्लोरप्रोमाझिन बनलं, स्किझोफ्रेनियावरचं पहिलं खरं औषध. साइड इफेक्टचा असाही उपयोग.)

या झोपेबद्दल मेसेजवाल्याने जे लिहायला हवं होतं ते लिहिलंच नाही. अमेरिकेत आयोवामध्ये ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर एक अभ्यास झाला, २००० साली छापून आला. ४० लोक, सगळ्यांना सीझनल ॲलर्जी, आळीपाळीने डायफेनहायड्रामाइन ५० मिलिग्रॅम, फेक्सोफेनाडिन (नवीन प्रकारची गोळी), दारू आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी. गाडी चालवण्यात डायफेनहायड्रामाइनवाले दारूवाल्यांपेक्षाही वाईट निघाले, फेक्सोफेनाडिनवाले जवळपास खोट्या गोळीसारखेच. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपल्याला किती झोप येतेय हे लोकांनी जे सांगितलं त्यावरून त्यांचं ड्रायव्हिंग किती बिघडलंय याचा अंदाज लागत नव्हता. "मला काही होत नाही या गोळीने" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा. क्लोरफेनिरामाइन तर मोठ्या माणसांच्या शरीरात निम्मं व्हायलाच साधारण वीस तास किंवा जास्त लागतात, त्यामुळे रात्री घेतली आणि सकाळी विषय संपला असंही नसतं.

"नवीन म्हणजे जुन्याच, नाव बदललेलं." हे अर्धं चूक, अर्धं बरोबर.

चूक कुठे, तर टर्फेनाडिनची गोष्ट बघा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मेंदूवर काम करणारं शांत करणारं औषध हवं म्हणून हे बनवलं आणि मेंदूवर ते काही करेचना, फेल. नंतर कळलं की हिस्टामाइन मात्र छान अडवतंय, म्हणजे जे अपयश होतं तीच त्याची खासियत झाली, झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी. १९८५ मध्ये अमेरिकेत आलं, धो धो खपलं. मग लोकांच्या हृदयाचे ठोके बिघडायच्या केसेस यायला लागल्या. कारण असं निघालं की लिव्हरमधलं एक एन्झाइम टर्फेनाडिनचं जवळजवळ सगळं रूपांतर करून टाकतं आणि ॲलर्जीवर काम करतं ते खरं तर ते रूपांतरित औषधच. पण सोबत कीटोकोनाझोल (बुरशीवरचं औषध) किंवा एरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) घेतलं, तर ते एन्झाइम अडतं, मूळ टर्फेनाडिन रक्तात साचतं आणि हृदयाच्या पेशींमधली पोटॅशियमची वाट बंद करतं. त्यातून जीवघेणा अनियमित ठोका. मग थेट ते रूपांतरित औषधच गोळीत घातलं, तेच फेक्सोफेनाडिन, अमेरिकेत १९९६ ला मंजूर, आणि नंतर टर्फेनाडिन बाजारातून गेलं. ॲस्टेमिझोलही अशाच कारणाने १९९९ मध्ये गेलं. याला नाव बदलणं म्हणत असाल तर मग बोलणंच खुंटलं. नवीन औषधं मेंदूत फारशी टिकत नाहीत कारण रक्त आणि मेंदूच्या मधल्या भिंतीवर एक पंप असतो जो त्यांना बाहेर फेकतो. मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये फेक्सोफेनाडिन तिथल्या रिसेप्टरवर जवळपास दिसतच नाही, सेटिरिझिन थोडं दिसतं, म्हणून सेटिरिझिनने काहींना पेंग येते.

आणि बरोबर कुठे, तर सेटिरिझिन हे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांचं मिश्रण असतं, त्यातलं काम करणारं रूप वेगळं काढलं की लेव्होसेटिरिझिन. ५ मिलिग्रॅम लेव्हो म्हणजे ढोबळमानाने १० मिलिग्रॅम सेटिरिझिन. लोराटाडिन आणि डेसलोराटाडिनचंही नातं असंच जवळचं. इथे पेटंटचा धंदा आहे हे मान्य, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पेशंटला फरक किती पडतो तर फारसा नाही.

इम्युनिटीचं लवकर आटपते. गोळी हिस्टामाइन संपवत नाही, ते बनतच राहतं, फक्त एच-१ वर त्याचं चालत नाही. पोटातलं ॲसिड हिस्टामाइन एच-२ रिसेप्टरवरून वाढवतं, ते ॲलर्जीची गोळी घेऊनही चालूच असतं. तिथे अडवायला वेगळी औषधं लागतात, जेम्स ब्लॅक यांच्या टीमचं सिमेटिडिन १९७६ मध्ये आलं ते त्यातलं पहिलं गाजलेलं. इम्युनिटी दाबणारी औषधं असतात, पोटातून बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड्स वगैरे, मेसेजवाल्याने बहुतेक त्यांची आणि यांची सरमिसळ केलीये.

"सवय लागते, डोस वाढतो." गंमत अशी की इथे मेसेज स्वतःलाच खोटा पाडतो. डायफेनहायड्रामाइनच्या गुंगीची सवय शरीराला तीनचार दिवसांतच व्हायला लागते, झोप येणं कमी होतं. पण रोज महिनोन् महिने गोळी घेऊनही गांधी आणि खाज दाबायची ताकद टिकते. गुंगी हाच इलाज असता तर गुंगीबरोबर इलाजही गेला असता. अंगावर सतत पित्त उठणाऱ्यांना डॉक्टर कधीकधी नवीन गोळ्यांचा डोस चौपटीपर्यंत नेतात, तो आजार हट्टी असतो म्हणून, व्यसन लागलं म्हणून नाही.

मात्र एक खरी गोष्ट आहे. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन बरेच महिने, वर्षं रोज घेऊन एकदम बंद केलं तर काही जणांना काही दिवसांत भयंकर खाज सुटते, आधी खाजेचा त्रास नसलेल्यांनाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) याची वॉर्निंग छापायला लावली. २०१७ ते २०२३ मध्ये जगभरातून २०९ केसेस त्यांनी नोंदवल्यात, वापर केवढा प्रचंड आहे ते बघता दुर्मिळच, आणि गोळी परत सुरू केल्यावर बहुतेकांची खाज थांबली, काहींनी हळूहळू कमी करून सोडली. तर वर्षानुवर्षं रोज घेत असाल तर सोडायचं डॉक्टरांशी बोलून ठरवा.

राहिला डिमेन्शिया. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलकडचा एक अभ्यास आला होता, ६५ वर्षांवरचे ३४३४ लोक, सरासरी सात वर्षांहून जास्त पाठपुरावा. ॲसिटिलकोलीनला (मज्जातंतूंचे निरोप पोचवणारं, स्मरणशक्तीच्याही कामात असलेलं रसायन) अडवणारी औषधं ज्यांनी बरीच वर्षं भरपूर घेतली त्यांच्यात डिमेन्शिया जास्त दिसला. त्या यादीत जुनी अँटीहिस्टामाइन्स होती तशीच डिप्रेशनची काही जुनी औषधं आणि लघवीच्या त्रासावरचीही होती. हा संबंध आहे, औषधामुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ॲसिटिलकोलीनच्या वाट्याला फारशी जात नाहीत, म्हणून सगळ्याच गोळ्यांवर हा शिक्का मारणं चूक. पण वय झालेल्यांना जुन्या गोळ्या शक्यतो देऊ नयेत हे डॉक्टरही सांगतात, डिमेन्शिया राहू दे बाजूला, लघवी अडकणं, तोंड कोरडं पडणं, गोंधळल्यासारखं होणं आणि रात्री उठताना पडणं हे तर लगेचचे त्रास आहेत. आणि ही जुनी औषधं नेहमी ॲलर्जीची गोळी म्हणूनच घरात येतात असं नाही, सर्दीच्या कॉम्बिनेशन गोळीत क्लोरफेनिरामाइन असतं, खोकल्याच्या काही सिरपमध्ये डायफेनहायड्रामाइन असतं, झोपेसाठी विकतात त्यातही असतं, म्हणजे एकच माणूस नकळत दोनतीन ठिकाणाहून घेत असू शकतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात ते बघा आणि यातलं नाव दिसलं तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना एक फोन करा.