ट्रीफिंगर्स गाळलेली सीडी

रेडिओहेड ह्या इंग्लिश रॉक बँडचा 'किड ए' हा अल्बम २ ऑक्टोबर २००० ला आला. २०२५ चा दसराही नेमका २ ऑक्टोबरला. म्हणजे सोनं लुटायचं आणि अल्बमची पंचविशीही साजरी करायची, असा दुहेरी योग. संध्याकाळी आपट्याची पानं देऊन-घेऊन झाल्यावर आम्ही चौघं सांगलीच्या विश्रामबागेत तबलजी मित्राच्या घरी जमलो. मध्ये भडंगाची परात, कोपऱ्यात त्याचे जुने स्पीकर. ठरलं असं की अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. दुसऱ्या मिनिटाला भांडण सुरू.

सुरुवात तबलजीनंच केली. 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' दहा मात्रांचं आहे, त्यामुळे गडी गेली वीस वर्षं त्यात झपताल बसवायला बघतोय. मात्रा दहाच भरतात, पण तालातली 'खाली', म्हणजे टाळी नसलेली मात्रा, भलतीकडेच पडते. गाण्याचं नाव 'सगळं जागच्या जागी' आणि ह्याला एकही जागा सापडत नाही! मांडीवर थाप मारता मारता शेवटी वैतागून भडंगाकडे वळला.

'नॅशनल अँथम'वर मात्र एकमत झालं. त्यातल्या ब्रासवाल्यांना ट्रॅफिक जॅमसारखं वाजवा असं सांगितलं होतं. त्यांना इशारे करताना आपण इतक्या उड्या मारल्या की पायाचं हाड मोडलं, असं बँडचा गायक थॉम यॉर्कनंच सांगितलंय. आमच्या हळदवाल्या मित्राच्या मते हे म्हणजे वरातीत दोन बँड समोरासमोर आले की होतं ते. त्याला ते मनापासून आवडतं.

भाच्याचं वेगळंच. वय एकोणीस, अल्बम त्याच्यापेक्षा मोठा. 'इडिओटेक'पुढे बाकी सगळं भरताड, असं तो छातीठोकपणे सांगतो. मी म्हटलं, बाबा रे, त्यातले जे चार कॉर्ड तुला आवडतात ते पॉल लॅन्स्की ह्या अमेरिकन संगीतकारानं १९७३ मध्ये कॉम्प्युटरवर केलेल्या रचनेतून उचललेत. बँडच्याच जॉनी ग्रीनवुडनं पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग यॉर्कच्या हातात दिलं आणि त्यानं त्यातला एवढासा तुकडा वेचला. भाचा म्हणाला, "मामा, मग वेचणारा भारी ना!" ह्याला काय बोलणार?

खरी लढाई पाचव्या ट्रॅकवर. 'ट्रीफिंगर्स'. पावणेचार मिनिटं; ना शब्द, ना ड्रम. हळदवाला लगेच उठला, "पुढं घे मर्दा, हितं काय गाणंच नाही!" आणि मला वीसेक वर्षांपूर्वीचा राग नव्यानं आला.

त्याचं असं झालं. २००१ मध्ये हा पुण्याला हॉस्टेलवर होता. तिथून त्यानं आमच्यासाठी 'किड ए'ची सीडी राइट करून आणली, वर मार्करनं स्वतःच्या हातानं नाव लिहून. ती आम्ही झिजेपर्यंत ऐकली. कृष्णेच्या घाटावर बसून ह्या अल्बमवर जे काही वाद घातले, ते सगळे त्या सीडीच्या जोरावर. पाचेक वर्षांनी मी पुण्यात ओरिजिनल विकत घेतली, घरी येऊन लावली, आणि 'हाउ टू डिसअपिअर कंप्लीटली' संपल्यावर नुसतं धुकं. मला वाटलं, सीडी खराब निघाली. बिल शोधायला लागलो. मग पाठीमागची यादी वाचली तर गाणी दहा! आमच्याकडे नऊच होती. फोन केला तर हा म्हणतो, "ते होय, ते मीच काढलंतं. उगंच जागा खातंय."

म्हणजे पाच वर्षं आम्ही सांगलीत एका वेगळ्याच अल्बमवर भांडत होतो.

त्या नऊ गाण्यांच्या सीडीत 'डिसअपिअर'मधली ती व्हायोलिनं विरतात न विरतात तोच 'ऑप्टिमिस्टिक'चे ड्रम अंगावर यायचे. आम्हाला वाटायचं, ह्यांना असंच दचकवायचंय. त्यावर मी एकदा लांबलचक भाषणही ठोकलं होतं. आता आठवलं की लाज वाटते.

'ट्रीफिंगर्स' मला कळलं ते मिरजेत. तबलजीच्या मुलीसाठी तंबोरा घ्यायला सतारमेकर गल्लीत गेलो होतो. कारागीर जवारी काढत होता, म्हणजे तारेचा झंकार जुळवत होता. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, परत छेडायची. एकेका छेडीनंतर आवाज पूर्ण विरेपर्यंत मान वाकडी करून ऐकत राहायचा. छेडण्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, तो फक्त आस, म्हणजे छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, ऐकत होता. आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: बँडच्या एड ओब्रायनची गिटार सॅम्पल करून यॉर्कनं 'ट्रीफिंगर्स' केलं, त्यात छेडणं जवळजवळ पुसलंच गेलंय. उरलीय ती नुसती आस.

हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. तबलजी म्हणाला, "तंबोरा म्हणजे मैफल नव्हे."

मान्य. एकटं 'ट्रीफिंगर्स' लावून मीही कधी बसत नाही. पण मग काढायचंच असेल तर 'इन लिम्बो' काढा की! त्याला शब्द आहेत, ड्रम आहेत म्हणून ते वाचतं, आणि सुरू होऊन संपलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. ह्यावर तिघंही एकदम माझ्यावर धावून आले. असो.

शेवटचं 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक' लागलं तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या. दारातच थांबल्या. "हा पायपेटीचा ऑर्गन ना?" त्यांचे वडील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. आम्ही इतकी वर्षं ह्याला कसलं तरी विलायती प्रकरण समजत होतो. त्यांनी सुराआधीचा भात्याचा श्वास ऐकूनच ओळखलं. ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

गाणं संपलं. हळदवाला चपला शोधायला लागला. त्याच्या सीडीत हे शेवटचं गाणंही साडेतीन मिनिटांतच तोडलेलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. मी म्हटलं, बस खाली. मिनिटभर काहीच नाही, नुसता पंखा. भाच्यानं मोबाइल काढला. आणि मग स्पीकरमधून ते शेवटी दडवलेलं संगीत एकदम उजळत आलं, पाऊण-एक मिनिट राहिलं आणि गेलं.

"हे कुठनं आलं?" हळदवाला म्हणाला. एक चप्पल पायात, एक हातात.

त्याला आता ती जुनी सीडी परत हवीय, आठवण म्हणून. देणार नाही.