'लिनक्सवर गेमिंग होत नाही' म्हणणाऱ्यांना उत्तर

दर काही महिन्यांनी तोच मेसेज फिरत फिरत परत येतो. मजकूर साधारण असा:

"लिनक्सवर गेम्स चालतच नाहीत. जे चालतात ते रडतखडत. ग्राफिक्स कार्डाला धड ड्रायव्हर मिळत नाही, प्रत्येक गेमसाठी टर्मिनल उघडून कमांड मारत बसावं लागतं, आणि ऑनलाइन खेळायला गेलात तर अकाउंट बॅन. गेमिंग करायचं तर विंडोजला पर्याय नाही."

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या यादीत प्रोसेसर न बसणाऱ्या मशिनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. अशी कितीतरी धडधाकट मशिनं आज लोकांकडे आहेत. त्यांचे मालक लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, विचार करतात आणि हा मेसेज वाचून मागे फिरतात. निरनिराळ्या डिस्ट्रो (लिनक्सचे तयार प्रकार) लावून पाहणं आणि त्यांवर गेम्स खेळणं हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"गेम्स चालतच नाहीत"

हे एकेकाळी बरंचसं खरं होतं. स्टीम, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं गेम्सचं ऑनलाइन दुकान, लिनक्सवर आलं फेब्रुवारी २०१३मध्ये. नोव्हेंबर २०१५मध्ये स्टीम मशीन्स, म्हणजे लिनक्सवर चालणारे गेमिंग पीसी, बाजारात आली आणि पडली, कारण मोठ्या गेम्सच्या लिनक्स आवृत्त्या काढायला फारसं कुणी तयार नव्हतं. त्यानंतर व्हॉल्व्हने वाट बदलली. गेम बनवणाऱ्यांच्या मागे लागण्यापेक्षा विंडोजसाठी बनलेला गेमच लिनक्सवर चालवायचा, असं ठरलं. ऑगस्ट २०१८मध्ये त्यासाठी प्रोटॉन आलं.

प्रोटॉनच्या पोटात वाईन आहे, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, ज्याचं काम १९९३पासून सुरू आहे. सोबत डीएक्सव्हीके आणि व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन. गेम डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेत जे मागतो ते हे दोघे व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या भाषेत सांगतात. पहिला ९, १० आणि ११ या आवृत्त्यांसाठी, दुसरा १२साठी. प्रोसेसर दोन्हीकडे एकच असल्यामुळे गेमचा मूळ कोड जसाच्या तसा त्यावर धावतो. म्हणजे अख्ख्या विंडोजची नक्कल करत बसावं लागत नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा पीसी याच जोरावर उभा आहे. त्यावरचं स्टीमओएस आर्च लिनक्सवर बेतलेलं आहे, आणि सायबरपंक २०७७पासून एल्डन रिंगपर्यंतचे गेम्स लोक त्यावर खेळतात. आपला गेम कसा चालतो हे प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर नाव टाकून बघता येतं.

"चालतात ते रडतखडत"

भाषांतराची थोडी किंमत मोजावी लागते, हे मान्य. एनव्हिडियाच्या कार्डावर डायरेक्टथ्रीडी १२चे जड गेम्स विंडोजच्या तुलनेत लक्षात येण्याइतके मागे पडताना मी पाहिले आहेत. रे ट्रेसिंगमध्येही (प्रकाश-सावलीचं हुबेहूब चित्रण) विंडोज बऱ्याचदा पुढे असतं. पण "रडतखडत" हा सरसकट शेरा खोटा आहे.

एल्डन रिंगचंच बघा. फेब्रुवारी २०२२मध्ये गेम आला तेव्हा पीसीवर तो अडखळतो अशी सगळीकडे ओरड होती. ठरावीक जागी गेम एकदम हजारो कमांड बफर (ग्राफिक्स कार्डाला द्यायच्या आज्ञांचे साठे) वगैरे तयार करायचा आणि मेमरी सांभाळणाऱ्या भागाची दमछाक व्हायची. ही मागणी प्रोटॉनच्या थरातून जात असल्यामुळे व्हॉल्व्हच्या लोकांनी तिथेच त्या गोष्टी साठवून पुन्हा वापरायची सोय केली. गेमच्या कंपनीचा पॅच येण्याची वाट न बघता डेकवरचं अडखळणं कमी झालं. मधला थर असण्याचा हा फायदा क्वचितच कुणी सांगतं.

अडखळण्याचं दुसरं कारण अगदी साधं असतं. गेम पहिल्यांदा सुरू करताना स्टीम एक छोटी खिडकी दाखवतं, 'प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स', खाली सरकणारी टक्केवारी आणि शेजारी 'स्किप'. लोक घाईने स्किप दाबतात. मग तेच शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, खेळता खेळता बनवावे लागतात आणि प्रत्येक नव्या खोलीत, प्रत्येक नव्या स्फोटाला चित्र क्षणभर थबकतं. ती खिडकी पूर्ण होऊ द्या.

"ड्रायव्हर मिळत नाही"

एएमडी आणि इंटेलच्या कार्डांना वेगळं काही बसवावंच लागत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आणि मेसा या सोबतच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये असतो. व्हल्कनसाठीचा आरएडीव्ही हा ड्रायव्हर २०१६मध्ये एएमडीच्या बाहेरच्या लोकांनी सुरू केला. तो इतका चांगला निघाला की २०२५मध्ये एएमडीने स्वतःचा वेगळा ओपन सोर्स ड्रायव्हर बंद करून यालाच पाठिंबा दिला. एनव्हिडियाचं दुखणं जास्त काळ चाललं, विशेषतः वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवरचं चित्राचं लुकलुकणं. २०२४मध्ये ५५५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून ते बरंच आवरलं. बझाइट, पॉप ओएससारख्या डिस्ट्रोंमध्ये एनव्हिडियाची इमेज (इन्स्टॉल करायची फाइल) वेगळी तयार मिळते.

एक खरी अडचण मेसेजवाल्यांनी सांगितलीच नाही, ती मी सांगतो. एचडीएमआय २.१ ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये आणायची एएमडीची मागणी एचडीएमआय फोरमने २०२४मध्ये फेटाळली. त्यामुळे एएमडी कार्डाला टीव्ही जोडून ४के १२० हर्ट्झ पूर्ण दर्जाने खेळायचं असेल तर आधी नीट चौकशी करा. डिस्प्लेपोर्टवर ही भानगड नाही.

"टर्मिनलमध्ये कमांड मारत बसावं लागतं"

नाही लागत. स्टीममध्ये इन्स्टॉल दाबायचं, मग प्ले. एपिक आणि जीओजी या दुकानांतल्या गेम्ससाठी हिरोइक किंवा लुट्रिस हे प्रोग्राम आहेत. नव्या माणसाचा वेळ मी वेगळ्याच ठिकाणी जाताना पाहिला आहे. ड्युअल बूट (एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) केलेलं असतं, आणि विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवरची जुनी स्टीम लायब्ररीच लिनक्सला दाखवलेली असते. प्ले दाबलं की बटण क्षणभर 'स्टॉप' होतं आणि पुन्हा 'प्ले'. ना एरर, ना खिडकी. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी 'कॉम्पॅटडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये एक छोटा सी ड्राइव्ह बनवतं आणि त्यातल्या लिंकच्या नावांत कोलन असतो, जो विंडोजला चालत नाही. तिथे सगळं फिसकटतं. त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरतंच उघडू शकतं. गेम्स ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या पद्धतीच्या पार्टिशनवर ठेवा, हा त्रास संपतो.

"ऑनलाइन खेळलात तर बॅन"

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, आणि मला खरं बोलायचं आहे तेही इथेच.

व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. लीग ऑफ लेजंड्स वाईनवर चालायचा, २०२४मध्ये त्यात व्हॅनगार्ड हे अँटी-चीट (खेळातली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) आल्यावर बंद झाला. फोर्टनाइट नाही, बॅटलफील्ड ६ नाही. एपेक्स लेजंड्स चालत होता, ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस बंद केला गेला. जीटीए ५ची गोष्ट खेळता येते, पण सप्टेंबर २०२४मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट बसवल्यापासून त्याचं ऑनलाइन गेलं. ही यादी खरी आहे आणि त्यातले गेम्स प्रचंड लोकप्रिय आहेत.

पण यातले बरेच गेम्स अडले कशावर? ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१मध्येच प्रोटॉनची सोय केली. ती चालू करायची की नाही हे प्रकाशकाच्या हातात आहे. एल्डन रिंगमध्ये ईझी अँटी-चीट आहे आणि तो ऑनलाइन चालतो. फोर्टनाइटमध्येही तेच वापरलं जातं, ते एपिकच्याच मालकीचं आहे, तरी फोर्टनाइटसाठी लिनक्सचं दार बंद. याला तांत्रिक अशक्यता कसं म्हणायचं? तो धंद्याचा आणि धोरणाचा निर्णय आहे, आणि त्याचा जाब ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागू नये.

प्रकाशकांची बाजूही ऐकायला हवी. लिनक्सवर कुणीही स्वतःचा कर्नल बनवू शकतो, त्यामुळे खेळाडूच्या मशिनवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न खरा आहे. पण कर्नलमध्ये शिरणाऱ्या अँटी-चीटचीही किंमत असते. २०२२मध्ये गेनशिन इम्पॅक्टच्या अँटी-चीटचा सही केलेला ड्रायव्हर वापरून रॅन्समवेअरवाल्यांनी अँटीव्हायरस बंद पाडल्याचं उघडकीस आलं. त्यासाठी मशिनवर तो गेम असण्याचीही गरज नव्हती. एका गेमसाठी एवढा अधिकार द्यायचा का, हे विचारायचा हक्क खेळाडूला आहे.

राहिला बॅन. बहुतेक वेळा गेम सुरूच होत नाही किंवा सर्व्हरमधून बाहेर काढतो, अकाउंटला धक्का लागत नाही. अपवाद आहेत: डेस्टिनी २साठी तो बनवणाऱ्या बंजीने स्पष्ट सांगितलं आहे की बंदी चुकवून खेळायचा प्रयत्न केला तर बॅन होईल. तेव्हा प्रकाशक नाही म्हणत असेल तर पळवाटा शोधू नका. यादीतला एखादा गेम तुमचा रोजचा असेल तर वेगळ्या ड्राइव्हवर विंडोज ठेवा. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र थेट लिनक्ससाठीच बनवलेले मिळतात.

"विंडोजला पर्याय नाही"

स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा २०२५च्या अखेरीस ३ टक्क्यांच्या आसपास होता. लहान आहे, मी तो फुगवून सांगणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या पीसी गेम पास या वर्गणीतले गेम्सही इथे इन्स्टॉल होत नाहीत.

पण जुन्या गेम्सचं काय? ६४-बिट विंडोजवर १६-बिटचे प्रोग्राम चालत नाहीत, वाईनवर चालतात. सीडीची नक्कल रोखणाऱ्या सेफडिस्कच्या कुलपाचा ड्रायव्हर विंडोज १०ने काढून टाकला आणि विकत घेतलेल्या कितीतरी सीड्या निरुपयोगी झाल्या. जीटीए ४ नव्या मशिनवर अडखळतो म्हणून आज विंडोजवरचेच लोक गेमच्या फोल्डरमध्ये डीएक्सव्हीकेची फाइल टाकून तो खेळतात. मुळात लिनक्ससाठी लिहिलेलं तेच डीएक्सव्हीके.