मोफत जागा आणि चौथ्या दिवशी गळालेली मुलं

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. उन्हाळी शिबिरात घरकाम आणि मजुरी करणाऱ्यांच्या मुलांसाठी जागा ठेवाव्यात, हे माझं म्हणणं तुम्हाला भाबडं वाटलं. तुमच्या सोसायटीने पाच जागा मोफत ठेवल्या, मुलं आली आणि चौथ्या दिवसापासून फिरकली नाहीत. फुकटाची किंमत नसते, हा तुमचा निष्कर्ष.

मुलं गळाली, पण का, हे त्यांच्या घरी कुणी विचारलं का? शिबिराची वेळ तुम्हीच लिहिली आहे: साडेआठ ते साडेबारा. त्या वेळी घरकाम करणारी आई तिसऱ्या-चौथ्या घरची भांडी घासत असते आणि शाळेला सुटी म्हणून धाकट्याला सांभाळायचं काम दहा वर्षांच्या ताईकडे येतं. त्याला सोबत आणायची मुभा होती का? कोपऱ्यात एक सतरंजी आणि लक्ष ठेवायला एखादी आजी, एवढ्यावर भागतं.

त्यात डबा घरून आणायचा होता. शाळा सुरू असते तेव्हा पोषण आहार मिळतो; पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. सुटी लागली की तो बंद. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये उन्हाळी सुटीतही तो द्यायला सांगितलं, पण दुष्काळी भागापुरतं. अशा दिवसांत शिबिरात सगळे डबे उघडतात तेव्हा ज्याच्याकडे डबाच नाही, तो दोन दिवस भूक नसल्याचं सांगतो आणि मग यायचंच टाळतो. खाऊ शिबिरानेच द्यावा, सगळ्यांना एकच. पोहे, उसळ, केळं पुरे.

उत्पन्नाचा दाखला मागण्याची तुमची सूचना मात्र मला मुळीच पटली नाही. पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी सेतू केंद्रात खेपा घालून कोण रोज बुडवेल? महापालिकेच्या शाळेतल्या बाईंना विचारा, त्यांना घरोघरची परिस्थिती ठाऊक असते.

फुकटच द्या, असा माझा हट्ट नाही. बंद पाकिटात जमेल तेवढी फी सगळ्यांकडूनच घ्या. कुणी किती घातले, ते शिकवणाऱ्या ताई-दादांनाही कळायला नको.

राहिला फी भरणाऱ्या पालकांवरच्या बोजाचा मुद्दा. हॉलचं भाडं आणि मार्गदर्शकांचं मानधन तीस मुलांना जेवढं, तेवढंच पस्तिसांना. वाढतात ते कागद, रंग आणि खाऊ. सहलीची बस हा मोठा खर्च आहे, तिथे तुमची तक्रार रास्त आहे. त्यासाठी वेगळा देणगीदार शोधावा, नाहीतर सहल पायी जाण्याजोग्या ठिकाणी न्यावी.

पुढच्या वर्षीची वेळ ठरवण्याआधी तुमच्याच इमारतीत कामाला येणाऱ्या मावशींना विचारा. बहुतेक संध्याकाळची सांगतील. आणि तारखा शाळा संपल्या संपल्या धरा, कारण मे अर्धा सरला की बरीच मुलं गावी गेलेली असतात.