‘मायकोटिक’ म्हणजे बुरशी नव्हे : संसर्ग झालेल्या धमनीविस्फाराविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

धमनीची भिंत एखाद्या जागी दुबळी होऊन फुगते, तेव्हा त्याला धमनीविस्फार किंवा ॲन्युरिझम म्हणतात. काही रुग्णांत या फुगवट्याचे मूळ भिंतीत शिरलेल्या जंतूंमध्ये असते. अशा रुग्णांबद्दलचा एक संदेश मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : ‘मायकोटिक ॲन्युरिझम म्हणजे रक्तवाहिनीत झालेली बुरशी. ताप नसेल आणि ब्लड कल्चरमध्ये [रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीत] काही उगवले नसेल, तर संसर्ग नाही असे समजावे. फुगा ५.५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर थांबायला हरकत नाही. प्रतिजैविकांचा दोन आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला की तो बसतो. नाहीच बसला, तर स्टेंट टाकून प्रश्न कायमचा मिटतो.’ यातील बहुतेक विधाने खऱ्या माहितीचा एखादा तुकडा उचलून तो चुकीच्या जागी बसवतात. वाचणाऱ्याला ती पटतात याचे कारण हेच, आणि त्यांतला धोकाही तोच.

बुरशीचा समज नावातून आला. १८८५ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी हृदयाच्या झडपांच्या घातक संसर्गावर दिलेल्या व्याख्यानांत महाधमनीवरील अशा फुगवट्यांचे वर्णन केले आणि त्यांच्या बुरशीसारख्या दिसण्यावरून ‘मायकोटिक’ हा शब्द वापरला. शब्द टिकला, पण आजार बहुतांश वेळा जीवाणूंचा असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि साल्मोनेला हे नेहमीचे कारक आहेत; स्ट्रेप्टोकॉकसही आढळतो, आणि क्वचित क्षयाचे किंवा ब्रुसेलाचे जीवाणू सापडतात. खरा बुरशीजन्य विस्फारही होतो, पण तो दुर्मीळ असून मुख्यतः प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत दिसतो. हा केवळ शब्दाचा वाद नाही, कारण बुरशीविरोधी गोळ्या घेत बसलेल्या रुग्णाच्या धमनीत जीवाणूंचे काम अखंड चालू राहते. ही गल्लत टाळण्यासाठी अनेक तज्ज्ञ आता ‘संसर्गजन्य धमनीविस्फार’ (म्हणजे संसर्गातून झालेला विस्फार) अशा अर्थाची नावे वापरतात, आणि तेच योग्य आहे असे मला वाटते.

‘ताप नाही, कल्चर निगेटिव्ह, म्हणजे संसर्ग नाही’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. ताप, वेदना आणि हाताला लागणारी ठोके देणारी गाठ ही या आजाराची पाठ्यपुस्तकी त्रयी असली, तरी तिन्ही लक्षणे एकत्र दिसतीलच असे नाही. वृद्ध व्यक्ती, मधुमेही, मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांना ताप बेताचाच येतो किंवा येतही नाही. आधी कुठल्यातरी कारणासाठी घेतलेल्या चार दिवसांच्या प्रतिजैविकाने तो दबलेलाही असू शकतो. अशा वेळी पाठीत किंवा पोटात सतत दुखणे, वजन घटणे, थकवा आणि रक्तातील सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) वाढलेले असणे एवढाच माग उरतो.

ब्लड कल्चरचेही तसेच. जीवाणू भिंतीत असतात; ते प्रत्येक वेळी रक्तात उतरतातच असे नाही, आणि प्रतिजैविक सुरू झाल्यावर नमुना घेतला तर उगवण्याची शक्यता आणखी कमी होते. म्हणून रुग्णाची स्थिती स्थिर असेल, तर पहिल्या डोसच्या आधी वेगवेगळ्या जागांवरून कल्चरचे दोन-तीन संच घेणे आवश्यक असते. मात्र रुग्ण सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत) असेल, तर नमुन्यांसाठी औषध अडवून ठेवता येत नाही. काही जंतू साध्या कल्चरमध्ये उगवतच नाहीत, तर क्षयाच्या जीवाणूंना कित्येक आठवडे लागतात. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजीचे (क्षयाच्या लसीतील क्षीण केलेल्या जीवाणूचे) उपचार घेतलेल्या रुग्णात तोच क्षीण केलेला जीवाणू पुढे महाधमनीत सापडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि ही पूर्वपीठिका विचारली नाही तर ती हाती लागत नाही.

त्यामुळे निदान एका चाचणीवर न बेतता लक्षणे, रक्ताचे अहवाल आणि प्रतिमा एकत्र वाचून करावे लागते. सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये) साधा विस्फार सहसा लांबट व सर्व बाजूंनी सारखा फुगलेला दिसतो, आणि त्याच्या भिंतीत अनेकदा चुना साठलेला असतो. संसर्गाचा फुगवटा पिशवीसारखा एका बाजूला निघालेला, वेडावाकडा असतो. त्याच्या भोवती मऊ ऊतींचे आवरण किंवा द्रव दिसतो, आणि क्वचित हवेचे बुडबुडेही. काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन स्कॅनमध्ये आकार बदललेला दिसला, तर संशय फार बळावतो. पेट स्कॅनची (पेशींची वाढलेली हालचाल उजळून दाखवणाऱ्या तपासणीची) मदत होते, पण जंतूंविना सूज आलेली भिंतही त्यात उजळते, हे लक्षात ठेवावे लागते.

असा फुगवटा जांघेतील धमनीतही होऊ शकतो, म्हणून तिथल्या गाठीबद्दल इथेच सांगायला हवे. त्या जागी पूर्वी सुई किंवा कॅथेटर गेले असेल आणि आता लाल, गरम, दुखरी सूज आली असेल, तर ती गळू समजून चिरण्याआधी रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी झालीच पाहिजे. संसर्ग झालेल्या धमनीवर चिरा बसला, तर रक्तस्राव आवरणे फार अवघड होते.

५.५ सेंटिमीटरची मर्यादा खरी आहे, पण ती वेगळ्या आजाराची आहे. पोटातील महाधमनीचा साधा, वयोमानाने होणारा विस्फार पुरुषांत किती मोठा झाल्यावर शस्त्रक्रियेचा धोका पत्करावा, याचे ते उत्तर आहे. तो विस्फार वर्षाला काही मिलिमीटर वाढतो, म्हणून वाट पाहता येते. संसर्गाची भिंत जीवाणू आणि त्यांच्यावर तुटून पडलेल्या पेशींची विकरे (एन्झाइम) मिळून आतून पोखरत असतात. ती लहान आकारातही फुटते आणि तिची वाढ दिवसांत किंवा आठवड्यांत मोजावी लागते. इथे आकारापेक्षा वेगच निर्णय ठरवतो.

प्रतिजैविकांशिवाय या आजाराचा उपचार होत नाही, एवढा भाग संदेशात बरोबर आहे. पण औषध जंतू मारते, ते खचलेली भिंत पुन्हा उभारत नाही. महाधमनीच्या बाबतीत केवळ औषधांवर विसंबल्यास फुटण्याची टांगती तलवार कायम राहते, म्हणून रुग्णाला झेपत असेल तर भिंतीचाही बंदोबस्त करावा लागतो. मुदतही दोन आठवड्यांची नसते : किमान सहा आठवडे, बहुधा सहा महिने ते वर्ष, आणि शरीरात कृत्रिम नळी राहिली असेल तर काहींना आयुष्यभर. औषध कोणते, हे सापडलेल्या जंतूवर ठरते. प्रतिजैविकांच्या फ्लुओरोक्विनोलोन गटातील औषधे महाधमनीच्या विस्फाराचा व फाटण्याचा धोका वाढवू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. तेव्हा हा निर्णय मनाने घेण्यासारखा नाही. औषधांवर भिस्त ठेवण्याचा एक खरा अपवाद मेंदूतील न फुटलेल्या संसर्गजन्य विस्फाराचा आहे. झडपांच्या संसर्गातून निघालेल्या कणांमुळे तो होतो आणि कधी कधी योग्य प्रतिजैविकांनी विरतो. मात्र तिथेही वरचेवर प्रतिमा घेऊन लक्ष ठेवतात, आणि तो वाढला किंवा फुटला की त्याच्यावर थेट उपचार करतात.

उरला स्टेंट, म्हणजे धमनीच्या आतून सरकवून बसवलेली, कापड चढवलेली जाळीदार नळी (स्टेंट-ग्राफ्ट). परंपरागत शस्त्रक्रियेत संसर्ग झालेला भाग व भोवतालची सडलेली ऊती काढून टाकतात आणि रक्तासाठी नवा मार्ग करतात : कधी मांडीतील शीर वापरून त्याच जागी, कधी काखेतील धमनीपासून मांडीपर्यंत त्वचेखालून नळी नेऊन. हे मोठे आणि जोखमीचे काम आहे. स्टेंट-ग्राफ्टने फुटण्याचा धोका तातडीने कमी होतो, आणि खालावलेल्या रुग्णासाठी तो अनेकदा जीव वाचवतो. पण तो संसर्गाच्या जागेतच बसवला जातो आणि सडलेली भिंत भोवती तशीच राहते. युरोपातील १६ केंद्रांमधील १२३ रुग्णांवरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टेंट-ग्राफ्टनंतर महिन्याभराने सुमारे ९१ टक्के रुग्ण जिवंत होते, तर पाच वर्षांनी सुमारे ५५ टक्के. संसर्गामुळे झालेले मृत्यू बहुतांशी पहिल्या वर्षातले होते. म्हणून स्टेंट बसवलेल्या रुग्णाला नंतर कधीही ताप आला, पाठ दुखू लागली किंवा सीआरपी पुन्हा चढले, तर त्याला साध्या तापाची गोळी देऊन घरी न पाठवता कल्चर आणि सीटी अँजिओग्राफी त्याच दिवशी करून घ्यावी लागते.