व्हिसा जातो म्हणे!

जळगाव-धुळ्याकडची पोरं बाहेरदेशी शिकायला, नोकरीला गेली की त्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: ‘परदेशात गुप्तरोगाची तपासणी करू नका. रिपोर्ट थेट इमिग्रेशनला जातो, व्हिसा रद्द होतो, खर्चही हजारोंत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी याल तेव्हा गुपचूप करून घ्या.’

व्हिसाची भीती अगदीच हवेतली नाही. सौदी, कुवेत, कतार, अमिराती इथे कामाच्या व्हिसासाठी एचआयव्ही तपासणी सक्तीची आहे आणि पॉझिटिव्ह निघालेल्या परदेशी माणसाला मायदेशी धाडतात. मेसेज तिथूनच निघाला असावा. पण आखाताचा नियम सगळ्या जगाला कसा लागू होईल? अमेरिकेतसुद्धा एचआयव्ही असलेल्यांना प्रवेशबंदी होती. ती जानेवारी २०१० मध्येच उठली.

‘रिपोर्ट इमिग्रेशनला जातो’ म्हणणाऱ्याने इंग्लंडमधलं सरकारी सेक्शुअल हेल्थ क्लिनिक पाहिलेलं दिसत नाही. फॉर्म भरायचा, बाटलीत लघवी द्यायची, गरजेप्रमाणे स्वॅब आणि रक्त. विचारल्याशिवाय तुमच्या नेहमीच्या डॉक्टरलाही ते कळवत नाहीत. जर्मनीत सरकारी आरोग्य कार्यालयात, म्हणजे गेझुंडहाइट्सआम्टमध्ये, नाव न सांगता एचआयव्हीची तपासणी होते. तशी सोय तिथल्या कायद्यातच आहे.

खर्चाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये गुप्तरोगाची तपासणी आणि उपचार परदेशी माणसालाही फुकट, व्हिसा कुठलाही असो. ऑक्टोबर २०१२ पासून एचआयव्हीचे उपचारही त्यात आले.

खरा घात करतो तो आखाजीचा सल्ला. दिवाळीच्या सुमारास काही घडलं तर आखाजीपर्यंत सहा महिने जातात. एचआयव्ही टाळण्याची औषधं संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ती वेळ विमानाच्या तिकिटाची वाट पाहत नाही. गर्मीची (सिफिलिसची) जखम आपोआप बरी होते, माणूस निर्धास्त होतो, रोग मात्र अंगातच राहतो. क्लॅमिडिया या गुप्तरोगात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. मधल्या काळात जोडीदारालाही लागण होते ती वेगळीच. उलट दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं म्हणूनही निश्चिंत होऊ नका: एचआयव्हीची प्रयोगशाळेतली आधुनिक तपासणी ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली तर भरवसा धरता येतो.

राहिले आखातात कामाला असलेले आपले भाऊबंद. त्यांनी जाण्याआधी आणि सुट्टीवर आल्यावर सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, जावं. तिथे एचआयव्हीची तपासणी मोफत आहे. तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या गावात ओळखीचं कोणी भेटेल ही धास्ती असेल (असतेच, खान्देशात कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही), तर जळगावच्या माणसाने धुळ्याला जावं, नंदुरबारच्याने नाशिकला. आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पडत नाहीत.